समासातली पेन्सिल

इनास मास्तर गेले, तेव्हा त्यांच्या भाचीने
पाठकोऱ्या कागदात गुंडाळून मला एक पुस्तक दिलं.
सुरुवातीची चौदा पानं कसरीने खाल्लेली,
म्हणजे लिहिणाऱ्याचं नाव, त्याचं चित्र, जन्मगाव,
कुणा राणीला पुस्तक वाहिलेलं असलं तर तेही.

तसं वेंगुर्ल्यात त्या माणसाला नाव नव्हतंच कधी.
मास्तर म्हणत, "आमचो साहेब."
शेकडो वर्षांमागे विलायतेत मेलेला,
नाटकं लिहून पोट भरणारा साहेब.

हायस्कूल सुटलं की मास्तर बंदरावर येत,
छत्री बगलेत, चपला हातात,
आणि लिलाव ऐन रंगात आला
की गरी सोडावी तसं
साहेबाचं एखादं वाक्य मालवणीत सोडून देत:
"शाण्याक इचारल्यार तो गप ऱ्हवता,
खुळो जवाब देता,
आणि राजा दोघांकय पगार देता."
भिकू खोबरेकर बोली पुकारायचा थांबे.
मागून कुणीतरी विचारी,
"साहेब आमच्या पंचायतीत होतो काय?"

मी तेव्हा बर्फ फोडायचो, दहा वर्षांचा.
मला वाटे, साहेब म्हणजे कस्टमचा साहेब,
बदली होऊन गेलेला,
पण बोलण्यामुळे लोकांच्या लक्षात राहिलेला.

आवडू मोंडकरणीला वाचता येत नव्हतं.
ती टोपलीआडून ऐके, सुरी न थांबवता.
एकदा मास्तरांनी गोष्ट सांगितली:
राजा राज्य हरतो नि हसतो,
त्याचा खजिनदार मात्र हरवलेल्या चमच्यासाठी
रात्रभर रडतो.
आवडू काही बोलली नाही. खवलं उडत राहिली.

दुसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक, इस्त्रीच्या शर्टातलं,
दहा रुपये जास्त लावले म्हणून कुरकुरलं.
"सरंग्याचो जीव गेलो," आवडू म्हणाली,
"तो बग कसो गप पडलो हा.
तुझे धा रुपये जातत, तर रडतस कित्याक?"

हशा धक्क्याच्या टोकापर्यंत गेला,
होडीतले खलाशीही, न ऐकताच, हसले.
मास्तर हसले नाहीत.
त्यांनी वरच्या खिशातून पेन्सिल काढली.

आता माझी बर्फाची फॅक्टरी आहे.
रात्रपाळीला, कॉम्प्रेसरच्या घरघरीत,
मांडीवर शब्दकोश घेऊन मी साहेबाला वाचतो.
पानाला अर्धा तास लागतो.
राजे सापडले, पुष्कळ.
खजिनदार नाही. चमचाही नाही.
एक तर ती गोष्ट कसरीच्या पोटात गेली,
नाही तर मास्तरांनीच ती साहेबावर खपवली,
आपलं शहाणपण आपण
मेलेल्या आज्याच्या नावावर खपवतो तशी.
भाव बरा येतो.

पण समास भरलेले आहेत.
"हे मालवणीत होत नाही."
चार पानांनी पुढे: "हे मालवणीतच होतं,
इंग्रजीत उगाच राहिलंय."
एके ठिकाणी भिकूची शिवी, पूर्ण, तारखेसकट.
आणि जिथे कुणी एक धनी पैशांसाठी कपाळ बडवतो
त्या पानाच्या कडेला, अक्षर किंचित हललेलं:
"सरंग्याचो जीव गेलो, तुझे धा रुपये जातत. आवडू.
साहेबापेक्षा बरं.
त्याला कळवायची सोय नाही."

परवा बाजारात आवडूची सून बसली होती,
टोपलीला पैसे भरायचा तो चौकोनी कागद चिकटवून.
पुण्याचं एक जोडपं घासाघीस करत होतं.
तिने सरंगा उचलला, त्याचं तोंड त्यांच्याकडे केलं,
आणि सासूचं वाक्य, त्याच सुरात, टाकलं.
साहेब तिला ठाऊक नाही. मास्तरही नाहीत.
फक्त दहाचे शंभर झालेत.

घरी आलो, पुस्तक उघडलं,
आणि तेवढं दुरुस्त केलं.